चौकात संपणारे सायकल ट्रॅक

सायकल ट्रॅक कसा बांधायचा हे आपल्याकडे कुणाला ठाऊकच नव्हतं, ही सबब चालण्यासारखी नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने त्याचं मानक 1962 सालीच छापलं. ‘आयआरसी 11’ या नावाने ते ओळखलं जातं. ट्रॅकची रुंदी किमान दोन मीटर हवी, मागच्याला पुढे काढता यायला हवं असेल तर तीन मीटर, आणि रस्त्यावरून तासाला दोनशेहून जास्त मोटारगाड्या जात असतील तर गर्दीच्या वेळी शंभरच सायकली असल्या तरी वेगळा ट्रॅक द्यायला हरकत नाही, असं त्यात आहे. तासाला दोनशे गाड्या! आज पेठेतली गल्लीसुद्धा ही अट सकाळचा चहा व्हायच्या आत पुरी करते. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने पादचारी आणि सायकलस्वार यांना रस्त्यात रास्त वाटा द्यायचं ठरवलं. 2015 मध्ये आयआरसी 11 ची सुधारित आवृत्ती निघाली. पुणे महापालिकेने 2016 मध्ये रस्तारचनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं केली आणि 2017 च्या डिसेंबरात सायकल आराखड्याला मंजुरी दिली; आठशे किलोमीटरहून मोठं जाळं त्यात आखलेलं आहे. कागदाच्या बाबतीत आपण कुठेही कमी नाही.

ट्रॅकवर मात्र सायकल क्वचितच दिसते. दिसते ती शेजारच्या डांबरी रस्त्याच्या कडेला, बस आणि रिक्षा यांच्यामधून वाट काढताना. ‘ट्रॅक करून दिला तरी हे लोक वापरत नाहीत,’ हे वाक्य कचेरीत, वाचकांच्या पत्रांत आणि कट्ट्यावर सारख्याच खात्रीने ऐकू येतं. सायकलवाल्याला शिस्त नाही म्हणून तो ट्रॅक सोडतो, असं मला वाटत नाही. तो रोज तिथून जातो. ट्रॅकची परीक्षा त्याने बांधणाऱ्यापेक्षा जास्त बारकाईने घेतलेली असते आणि खाली उतरणं हा त्याचा निकाल असतो.

पुण्यात बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांचा, पहिला मार्ग 2006 च्या डिसेंबरात सुरू झाला. त्याच्याबरोबर आणि त्या काळापासून शहरात जे ट्रॅक झाले त्यांचा एक साचाच बनून गेला आहे. फूटपाथला लागून रंगीत पेव्हर ब्लॉकचा पट्टा, त्यावर पांढऱ्या रंगात सायकलचं चित्र, तोंडाशी दोन-तीन बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे बुटके खांब. पेव्हर ब्लॉक का, तर खाली केबली आणि पाइप असतात. खोदायचे झाले तर ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. पुन्हा बसवताना ते पहिल्यासारखे बसत नाहीत. कुठे खड्डा पडतो, कुठे उंचवटा राहतो. पायी चालणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, पण बारीक टायरच्या सायकलीवर हाडं खिळखिळी होतात. शेजारी गुळगुळीत डांबर आहे आणि आपल्याला मात्र खडखडाट, हे पाहिल्यावर माणूस काय करील? सायकलच्या चाकाला जगभर सगळीकडे डांबर किंवा सलग काँक्रीटच मानवतं. नेदरलँड्समधले ट्रॅक लाल दिसतात, पण तो लाल रंग डांबराच्या मिश्रणातच असतो, वरून फासलेला नसतो. वरून फासलेला रंग पहिल्या पावसात निसरडा होतो, तिसऱ्या पावसात उरत नाही.

मग सोसायट्यांची फाटकं. प्रत्येक फाटकापाशी ट्रॅक उतरून रस्त्याच्या पातळीवर येतो आणि फाटक ओलांडलं की पुन्हा चढतो. बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या भागात ही चढउतार दर पंधरा-वीस मीटरला. फाटकातून बाहेर पडणाऱ्या गाडीला धक्का बसू नये एवढाच त्यामागचा हेतू. खरं तर उलट करायला हवं: ट्रॅक आणि फूटपाथ सपाट राहावेत आणि गाडीने छोटा उतार चढून ते ओलांडावेत. म्हणजे गाडी आपोआप हळू होते आणि आपण दुसऱ्याच्या जागेतून जातो आहोत हे चालवणाऱ्याला पाटी न लावता कळतं. डच आणि डॅनिश शहरांत लहान रस्त्यांच्या तोंडाशी हेच करतात. याला वेगळा खर्च नाही. उतार कुठल्या बाजूला द्यायचा, एवढाच प्रश्न आहे. आपण तो न चुकता गाडीच्या बाजूने सोडवतो.

महावितरणची डीपी, टेलिफोनची पेटी, चेंबरचं वर आलेलं झाकण, बसथांब्याची शेड, जुनं झाड, या सगळ्यांची यादी करण्यात अर्थ नाही. ज्याने एकदा ट्रॅक पाहिला आहे त्याला ती पाठ असते. यातलं झाड तेवढं मला क्षम्य वाटतं. झाड पाडू नये, ट्रॅकने वळसा घ्यावा. मार्च-एप्रिलच्या उन्हात त्या सावलीसाठी सायकलवाला आनंदाने वाकडा जाईल. बसथांब्याचा प्रश्नही सुटलेला आहे. शेड रस्त्याच्या बाजूला बेटासारखी ठेवायची आणि ट्रॅक तिच्या मागून न्यायचा. आपण शेड ट्रॅकच्या मधोमध ठेवतो.

बोलार्डबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिथे सगळ्या यंत्रणेचा विचार कसा चालतो ते दिसतं. ट्रॅकवर दुचाकी येतात, तक्रारी होतात, म्हणून बोलार्ड ठोकतात. तरी दुचाकी येतातच, म्हणून त्यांच्यातलं अंतर कमी करतात. स्कूटरचं हँडल आणि सायकलचं हँडल यांच्या रुंदीत फरक असतो जेमतेम काही बोटांचा. स्कूटर अडेल इतकी फट ठेवली की कॅन लावलेली दूधवाल्याची सायकल अडते, सिलिंडरवाल्याची अडते, तीनचाकी तर सोडाच. सायकल जाईल इतकी ठेवली की स्कूटर जाते. म्हणजे हा प्रश्न बोलार्डने सुटणारच नाही. भूमितीच तशी आहे. ट्रॅकवर मोटारवाहन चालवायचं नाही हे 1989 च्या रस्ता नियमावलीत स्पष्ट होतं, तेव्हा नियमाचीही उणीव नव्हती. स्कूटर ट्रॅकवर येते ती शेजारचा रस्ता तुंबलेला असतो आणि ट्रॅक रिकामा असतो म्हणून. सायकलींची अखंड रांग असलेल्या ट्रॅकवर स्कूटर घालणं अवघड जातं. ती रांग यायची तर ट्रॅक आधी वापरण्याजोगा हवा, आणि बोलार्ड तो अधिकच निकामी करतात.

तरी इथवर सांगितलेल्या गोष्टी दुय्यम आहेत. खडबडीत ट्रॅकवरूनही माणूस जाईल, जर तो कुठे पोचत असेल. आपले ट्रॅक नेमके जिथे त्यांची गरज सगळ्यात जास्त असते तिथे संपतात, म्हणजे चौकात.

दोन चौकांमधला सरळ रस्ता सायकलवाल्याला फारसा घातक नसतो. मागून येणारी गाडी त्याला पाहते, बाजूने काढते, फार तर हॉर्न वाजवते. धोका असतो तो वळणाऱ्या गाडीचा. चौकाशी सायकलवाला सरळ जायला निघालेला आहे आणि त्याच्या उजव्या अंगाने आलेली बस किंवा डंपर डावीकडे वळतो. उंच केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला डाव्या कुशीतली सायकल दिसत नाही. पुढचं चाक वळून जातं, मागचं चाक मात्र आतून कापत येतं. अशा वेळी ट्रॅक काय करतो? चौकाच्या अलीकडे तीस-चाळीस मीटरवरच तो उताराने रस्त्यावर उतरतो आणि सायकलवाल्याला नेमका त्या वळणाऱ्या चाकाच्या आत आणून सोडतो. आतापर्यंत तो ड्रायव्हरच्या नजरेआड फूटपाथलगत होता. आता अचानक पुढ्यात. ट्रॅक नसता तर निदान तो मागून दिसत तरी आला असता.

त्यात फ्री लेफ्ट. डावीकडे वळणाऱ्यांना सिग्नलला थांबावं लागू नये म्हणून कोपरा कापून गोलाई मोठी करतात. गोलाई जितकी मोठी तितका वळतानाचा वेग जास्त. म्हणजे सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याला आणि रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंना हिरवा दिवा असताना डावीकडून न थांबणारा प्रवाह कापून जावं लागतं. गोलाई लहान केली, तर गाडीला दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं.

डच चौकात याचं उत्तर एका छोट्या बेटात आहे. (तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, आपण ते चित्र आरशातून पाहावं.) कोपऱ्यावर एक लांबट बेट असतं. ट्रॅक त्याच्या आतून जातो आणि आडवा रस्ता मुख्य रस्त्यापासून साधारण एका मोटारीच्या लांबीइतका मागे सरकून ओलांडतो. त्यामुळे वळणारी गाडी सायकलींच्या मार्गापाशी पोचते तेव्हा तिचं वळण जवळजवळ पूर्ण झालेलं असतं. ड्रायव्हरला सायकल आरशात शोधावी लागत नाही, ती समोरच्या काचेतून दिसते. थांबायला एका गाडीपुरती जागाही मिळते आणि मागच्यांची वाट अडत नाही. दुसऱ्या बाजूला वळायचं असेल तर सायकलवाला रस्त्याच्या मधोमध न येता दोन टप्प्यांत वळतो, आधी समोर आणि मग आडवा. या सगळ्याला लागणारी जागा आपल्या मोठ्या चौकांत आहे. आज ती फ्री लेफ्टच्या गोलाईत, रंगवलेल्या त्रिकोणी बेटांत आणि कारंज्यांत गेलेली आहे.

चौक बाजूला ठेवून रस्ता तेवढा रंगवला की काय होतं, ते लंडनने जबर किंमत देऊन पाहिलं. 2010 आणि 2011 मध्ये तिथे सायकल सुपरहायवे सुरू झाले. नाव मोठं होतं, पण बऱ्याच भागात ते म्हणजे रस्त्याच्या कडेचा नुसता निळा पट्टा होता. ऑल्डगेट ते बो या मार्गावर, विशेषतः बो इथल्या मोठ्या चौकात, सायकलस्वार मेले. 2013 च्या नोव्हेंबरात तर दोनेक आठवड्यांत लंडनमध्ये सहा सायकलस्वारांचा मृत्यू झाला. निळा पट्टा सायकलवाल्याला सुरक्षिततेचा भास देतो आणि ड्रायव्हरला काहीच सांगत नाही, ही टीका तेव्हा अधिकृत चौकशीतूनही पुढे आली. पुढे तोच मार्ग कर्ब घालून वेगळा बांधून काढला गेला. आपल्याकडे 2020 नंतर कोविडच्या काळात आणि त्यानंतरच्या स्पर्धा-योजनांत जे पट्टे रंगवले गेले त्यांच्याकडे पाहताना लंडनचा हा इतिहास आठवतो.

चौकाइतकाच दुसरा प्रश्न जाळ्याचा. डचांकडे ट्रॅक परंपरेने चालत आलेले आहेत, तिथल्या लोकांच्या रक्तातच सायकल आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात 1950 आणि 60 च्या दशकांत त्यांनीही मोटारींसाठी शहरं उलथीपालथी केली. 1971 मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. त्यातून ‘मुलांचे खून थांबवा’ अशा थेट नावाचं आंदोलन उभं राहिलं. 1973 चं तेलसंकट त्याच्या पाठोपाठ आलं. मग सरकारने 1970 च्या दशकात हेग आणि टिलबर्ग या दोन शहरांत प्रयोग म्हणून शहराच्या मधून जाणारा एकेक देखणा, खर्चीक सायकलमार्ग बांधला. त्या मार्गावर सायकली वाढल्या, पण बऱ्याचशा शेजारच्या रस्त्यांवरून तिकडे आलेल्या होत्या. शहरात एकूण सायकल चालवणं फारसं वाढलं नाही. डेल्फ्टने त्यानंतर वेगळा मार्ग धरला. एक भव्य रस्ता करण्याऐवजी त्यांनी तीन पदरी जाळं विणलं: शहरभर जाणारे मार्ग साधारण पाचशे मीटरच्या अंतराने, वस्त्यांना जोडणारे त्याहून जवळ, आणि गल्ल्यांतले आणखी जवळ. कुठे पूल, कुठे बोगदा, कुठे नुसती भिंत पाडून दिलेली वाट. आधीच भरपूर असलेला सायकलींचा वाटा तिथे आणखी काही टक्क्यांनी वाढला. देशाने धडा घेतला तो हेगचा नव्हे, डेल्फ्टचा.

सेव्हिलचं उदाहरण मला यापेक्षाही जवळचं वाटतं, कारण ते शहर आपल्यासारखं आहे: उकाडा, अरुंद जुनी वस्ती आणि सायकलची काहीही सवय नाही. 2006-07 मध्ये तिथल्या महापालिकेने दीड-दोन वर्षांत ऐंशी किलोमीटरचं सलग जाळं एकदम बांधून काढलं. त्यासाठी रस्त्यावरच्या सुमारे 5,000 पार्किंगच्या जागा काढल्या. रचना शुद्ध नव्हती. दोन्ही दिशांचा ट्रॅक एकाच बाजूला, कुठे अरुंद, कुठे फूटपाथची जागा खाल्लेली. डच तज्ज्ञ त्याला शंभर नावं ठेवील. तरी चार-पाच वर्षांत सायकलच्या फेऱ्या दिवसाला काही हजारांवरून साठ-सत्तर हजारांवर गेल्या. घरातून निघालेला माणूस ट्रॅक न सोडता कामावर पोचत होता, एवढंच त्याचं कारण.

याच्या उलट टोकाला इंग्लंडमधलं स्टीव्हनेज. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 मध्ये जाहीर झालेलं तिथलं हे पहिलं नवनगर. त्याचे मुख्य अभियंते एरिक क्लॅक्स्टन स्वतः सायकलवर कामाला जात. रुंद, सपाट, रस्त्यांपासून वेगळे ट्रॅक त्यांनी आखले आणि मोठ्या चौकांखालून सायकलींसाठी बोगदे काढले. मी वर चौकांबद्दल जे रडगाणं गायलं, ते तिथे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच मिटलेलं होतं. आणि तरीही आज तिथे कामाला सायकलने जाणारे शंभरात जेमतेम तीन. क्लॅक्स्टन यांनी मोटारींसाठीही तितकेच उत्तम रस्ते बांधले होते. गाडी काढली की न तुंबता पाच मिनिटांत पोचता येतं आणि पार्किंगही मिळतं, तर सायकल कोण काढील? मिल्टन कीन्स या पुढच्या नवनगरात तर लाल रंगाच्या वाटा झाडाझुडपांतून वळणं घेत जातात आणि प्रत्येक आडव्या रस्त्यापाशी सायकलवाल्यालाच थांबवतात. त्या फिरायला छान आहेत. सायकल ट्रॅक हा मुळात जागेच्या वाटपाचा प्रश्न आहे. गाडीची जागा तशीच ठेवून उरलेल्या तुकड्यांत सायकल बसवायची, तर तुकडा कितीही सुबक असला तरी गाडीच जिंकते.

आपल्याकडे हा उरलेल्या तुकड्यांचा कारभार आणखी एका समजुतीवर चालतो: सायकल म्हणजे व्यायाम. म्हणून ट्रॅक तलावाकाठी, नदीकाठी, मोठ्या रस्त्यांच्या हिरव्या कडेला. मुंबई महापालिकेने पवई तलावाभोवती ट्रॅक बांधायला घेतला. पाणथळ जागेच्या नियमांचा भंग होतो म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने 2022 च्या मे महिन्यात तो बेकायदा ठरवला आणि काढून जागा पूर्ववत करायला सांगितली. पर्यावरणाच्या अंगाने त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. मला पडलेला प्रश्न साधा आहे: त्या गोल फेरीने कोण कुठे पोचणार होतं? वांद्रे-कुर्ला संकुलातला ट्रॅक 2011 चा. तो कचेऱ्यांच्या भागात होता हे खरं, पण संकुलाबाहेर, वांद्रे आणि कुर्ला स्थानकांच्या गर्दीत, जिथून माणसं खरोखर येतात, तिथवर तो धड पोचलाच नाही. हळूहळू तो पार्किंगची जागा झाला. 2025 मध्ये तो काढून वाहनांना एकेक लेन वाढवून द्यायचा निर्णय मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) घेतला, आणि त्याचंही कारण तेच दिलं गेलं: वापर नाही.

पुण्यात 2017 च्या अखेरीस औंध आणि विद्यापीठ परिसरात भाड्याच्या सायकली आल्या. पेडल, ऑफो, मोबाईक, युलू अशी नावं रस्तोरस्ती दिसू लागली. पहिले काही महिने तरुण मुलं भरभरून चालवत होती. सायकल चालवायची हौस शहरात उरलेली नाही, हे निदान तेवढ्याने तरी खोटं ठरलं. दोनेक वर्षांत बहुतेक कंपन्या गेल्या. त्यांच्या जाण्याला त्यांचे स्वतःचे पैशाचे हिशोब होते, चोऱ्या आणि मोडतोडही होती. पण सायकली आल्या तेव्हा धड ट्रॅक नव्हते आणि ट्रॅक होऊ लागले तेव्हा सायकली गेलेल्या होत्या.

रोज सायकल चालवणारा माणूस या सगळ्या चर्चेत कुठेच नसतो. तो सकाळी सहाला हेल्मेट घालून सिंहगडाकडे निघालेला नसतो. तो रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन असतो, भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात जाणारा कंत्राटी कामगार असतो, पेपर टाकणारा मुलगा असतो, दप्तर कॅरिअरला लावून शाळेत जाणारी मुलगी असते. त्याला तलाव नको, एमआयडीसीचं गेट हवं. अपघात झाला तर तो तक्रार अर्ज लिहीत नाही, वार्डाच्या बैठकीला येत नाही, आणि वाहनांची मोजणी करणारे लोक उभे राहतात त्या वेळेच्या आधीच तो निघून गेलेला असतो. म्हणून आकड्यांतही तो नसतो. ‘सायकलीच नाहीत, ट्रॅक कुणासाठी?’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या सोसायटीच्या दारात बऱ्याचदा वॉचमनची सायकल उभी असते.

आता चौकाचं काम होत का नाही, याचं अगदी दप्तरी कारण. ट्रॅकचा कर्ब रनिंग मीटरवर मोजतात, पेव्हर चौरस मीटरवर. त्यानुसार मोजमाप पुस्तकात नोंद होते आणि ठेकेदाराचं बिल निघतं. ‘इतके किलोमीटर ट्रॅक पूर्ण’ ही बातमीही त्याच मोजणीतून येते. चौकात मात्र मीटर थोडे आणि कटकटी फार. सिग्नलच्या खांबासाठी वाहतूक पोलीस, डीपीसाठी महावितरण, पावसाळी गटारासाठी वेगळा विभाग, झाडासाठी वृक्ष प्राधिकरण, आणि कोपऱ्यावरची गोलाई कमी करायची म्हटलं की ‘ट्रॅफिक तुंबेल’ म्हणून सगळ्यांचाच विरोध. पथ विभागाचा कनिष्ठ अभियंता हे सगळं एकट्याने जुळवू शकत नाही आणि त्याच्या टेंडरमध्ये ते नसतंही. मग तो चौकाच्या अलीकडे उतार काढतो, ट्रॅक संपवतो आणि चौकापलीकडे पुन्हा सुरू करतो. नकाशात दोन रेघांच्या मधली ती फट इतकी लहान दिसते की मंजुरीच्या बैठकीत तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

मेट्रोची कामं आवरतील तसे पुण्यातले कितीतरी रस्ते येत्या काही वर्षांत पुन्हा आखले जातील. काही ठिकाणी जुने ट्रॅक याच कामांत उखडले गेले आहेत, तेव्हा ते पुन्हा बांधतानाही टेंडर निघेलच. त्यात चौकाला स्वतःची बाब आणि स्वतःचा दर हवा: कोपऱ्यावरचं बेट, कमी केलेली गोलाई, सायकलींसाठी थांबण्याची जागा, हलवलेली डीपी. पहिल्या टप्प्यात दोनच रस्ते घ्यावेत, पण त्यांवरचा प्रत्येक चौक पूर्ण करावा. दहा रस्त्यांवर रंग मारला तर किलोमीटर जास्त भरतील हे खरं. पण त्या दोन रस्त्यांवर वॉचमन ट्रॅकवरून जाईल.